माव्याची सोंड आणि पिकाचा प्रतिकार

(रब्बी पीक मेळाव्यात केलेले भाषण)



माव्याविषयी आपण काही बोलावे, असे संयोजकांनी मला सुचविले तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कृषिपदवीधर नाही. मराठी वाङ्मय शिकलो आणि माहिती अधिकारी म्हणून नोकरीला लागलो. ज्यांनी आपल्या उमेदीची वर्षे किडींच्या अभ्यासात घालविली असे कीटकशास्त्रज्ञ समोर बसलेले असताना मी माव्याच्या सोंडेचे वर्णन करावे, हे काहीसे धाडसाचेच होय. परंतु या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती शास्त्राची नव्हती, भाषेची होती; आणि म्हणूनच ती सांगण्याचे काम दुसऱ्या कोणावर ढकलता येत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी रब्बी ज्वारीच्या एका वाणाविषयी पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. शास्त्रज्ञांनी पाठविलेल्या टिपणात 'माव्यास सहनशील' असे शब्द होते. ते मला जड वाटले. सर्वसामान्य वाचकाला समजेल असे लिहावे, हे आमच्या कामाचे ब्रीदच आहे. तेव्हा मी त्याचे सोपे मराठी केले : 'या वाणावर मावा पडत नाही.' पत्रक छापले गेले, वाटले गेले. पुढच्या हंगामात संक्रांतीच्या सुमारास एक वयस्क शेतकरी कार्यालयात आले. त्यांनी पंचाच्या घडीतून ज्वारीचे एक पान काढले आणि माझ्या टेबलावरील कागदांवर ठेवले. मी ते उचलले तेव्हा खालचे दोन कागद त्याला चिकटून वर आले. पानाच्या खालच्या अंगाला पिवळसर माव्याचा थर होता. ते म्हणाले, "साहेब, पत्रक म्या वाचलं. माव्याला कुनी वाचून दावलं न्हाई वाटतं."

मी हसलो, ते हसले नाहीत. पत्रकावर विसंबून त्यांनी पिकाकडे फारसे पाहिले नव्हते. मावा दिसू लागला तेव्हाही 'या वाणाला काही होत नाही' या भरवशावर ते स्वस्थ राहिले. एक बैलजोडी आणि दोन म्हशी त्या कडब्यावर उन्हाळा काढणार होत्या, आणि आता पाने चिकट होऊन काळी पडू लागली होती. पुढे मळणीनंतर त्यांच्याकडूनच कळले की, दाण्याचे उत्पन्न फारसे घटले नाही. कडबा मात्र निम्म्या भावाने गेला आणि जनावरांसाठी वैरण विकत घ्यावी लागली. म्हणजे शास्त्रज्ञांचा शब्द खरा होता. खोटा ठरला तो माझा. 'सहनशील' आणि 'पडत नाही' या दोहोंमध्ये किती अंतर आहे, ते त्या दिवसापासून मी जाणत्यांना विचारीत आलो आहे. जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम चिकट्याविषयी. रब्बी ज्वारीची पाने चकाकू लागली, हाताला चिकटू लागली की आपण 'चिकटा पडला' असे म्हणतो. शब्द सार्थ आहे, परंतु त्यात एक घोटाळा आहे. कणसातील फुलोऱ्यातून मधासारखे थेंब गळतात तो अरगट नावाचा बुरशीजन्य रोग. त्यालाही चिकटाच म्हटले जाते. एकाच नावाच्या दोन माणसांपैकी भलत्यालाच नोटीस बजावावी, तसा प्रकार मग औषधाच्या बाबतीत होतो. तेव्हा पान उलटून पाहणे हे पहिले काम. पानाखाली बारीक, मऊ, पिवळसर कीटकांची दाटी असेल तर तो मावा. ज्वारीवर आणखी एक मावा येतो, तो निळसर हिरव्या रंगाचा असून पोंग्यात बसतो. मक्यावरही तोच आढळतो. कडब्याची दैना करतो तो बहुधा पानाखालचा पिवळसर मावा. तो खालच्या पानांपासून सुरुवात करतो आणि वर चढत जातो. त्यामुळे बांधावरून वरवर पाहणाऱ्याला पीक निरोगी दिसते.

हा चिकटा आभाळातून पडत नाही आणि पानातूनही पाझरत नाही. ती माव्याची विष्ठा होय. सभेत हा शब्द उच्चारल्याबद्दल क्षमस्व. परंतु माव्याचे सगळे रहस्य त्यातच साठविलेले आहे. साखरेने भरलेली विष्ठा टाकणारा प्राणी खातो तरी काय, आणि इतकी साखर तो वाया का घालवितो, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडावा.

वनस्पतीच्या देहात दोन प्रकारच्या वाहिन्या असतात. मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या वाहिन्यांना प्रकाष्ठ म्हणतात. पानात सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार झालेली साखर दाण्याकडे व मुळांकडे पोचविणाऱ्या वाहिन्यांना परिकाष्ठ म्हणतात. पानात साखर तयार होते ती दाणा भरण्यासाठी. माव्याला हवा असतो तो नेमका हाच दुसरा रस. नाकतोडा पान कुरतडतो, अळी खोड पोखरते. त्यांचा उपद्रव डोळ्यांना दिसतो. मावा मात्र पानाला भोकही न पाडता थेट कोठारावर जातो.

त्याची सोंड म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक अशा चार सुयांची एक जुडी असते. तिच्यामध्ये दोन नळ्या तयार होतात. एकीतून लाळ आत सोडली जाते, दुसरीतून रस वर येतो. आपली समजूत अशी की, मावा पानावर बसला, सोंड खुपसली आणि पिऊ लागला. तसे मुळीच नाही. सोंड पेशींच्या आतून न जाता बहुतांशी पेशींच्या भिंतींमधून, जणू बोळाबोळांतून वाट काढीत जाते. पुढे जाताना तिच्याभोवती लाळेचे एक घट्ट होणारे अस्तर तयार होत जाते. आणि वाटेत जवळजवळ प्रत्येक घराचे दार मावा किंचित उघडून पाहतो. पेशीला पाच-दहा सेकंद सुई टोचतो, आतील रसाची चव घेतो आणि सुई मागे ओढून पुढे सरकतो. अशा कित्येक चाचण्या केल्यावर, पुष्कळदा काही तासांनी, सोंड परिकाष्ठातील चाळणी-नलिकेपर्यंत पोचते. तेथे पोचताच तो पिऊ लागत नाही. प्रथम पातळ लाळ आत सोडतो. वनस्पतीची ही नलिका कोठे टोचली गेली तर ती आतून बूच बसविते, जसे आपले रक्त जखमेवर गोठते. माव्याची लाळ हे बूच बसू देत नाही. जर्मनीतील संशोधकांनी २००७ मध्ये बाकल्याच्या झाडावर हे दाखवून दिले. बूच बसण्यासाठी जो कॅल्शियम लागतो, त्यालाच लाळेतील प्रथिने बांधून टाकतात. एवढी सिद्धता झाली की मग मावा निवांत पितो. तासन् तास, कधी दिवसभर.

पितो हा शब्दही पूर्णपणे बरोबर नाही. परिकाष्ठातील रस मोटारीच्या टायरमधील हवेहून कितीतरी अधिक दाबाखाली असतो. माव्याला तो ओढावा लागत नाही. रसच त्याच्या पोटात लोटला जातो. केनेडी आणि मिट्लर या दोन संशोधकांनी १९५३ मध्ये हे मोठ्या युक्तीने दाखविले. विलोच्या झाडावर रस पीत असलेल्या माव्याची सोंड त्यांनी मध्येच कापली. मावा दूर झाला, पण झाडात रुतलेल्या त्या कापलेल्या सोंडेतून रस थेंबाथेंबाने येतच राहिला. वनस्पतिशास्त्रज्ञांना शुद्ध परिकाष्ठरस मिळविण्याची याहून चांगली रीत तोवर साधली नव्हती. ज्याला आपण शत्रू म्हणतो त्याची सोंड प्रयोगशाळेत नळी म्हणून उपयोगी पडावी, ही मौजच म्हणावयाची.

आता साखरेचा प्रश्न. या रसात साखर भरपूर, परंतु शरीर वाढविण्यास लागणारी अमिनो आम्ले अल्प, आणि त्यांतील अत्यावश्यक अशी तर फारच थोडी. नुसता उसाचा रस पिऊन बाळ वाढवावे, तशी ही स्थिती. मावा दोन उपाय करतो. पहिला असा की, त्याच्या शरीरातील खास पेशींमध्ये बुक्नेरा नावाचे जिवाणू राहतात. ते उणी असलेली अमिनो आम्ले तयार करून देतात. पाउल बुक्नेर या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून १९९१ मध्ये त्यांचे हे नामकरण झाले. परंतु मावा आणि हे जिवाणू यांचा संसार दहा कोटी वर्षांहूनही जुना आहे. दुसरा उपाय म्हणजे पुष्कळ पिणे, त्यातील थोडेसे सत्त्व ठेवणे आणि उरलेली साखर टाकून देणे. ती टाकलेली साखर म्हणजे आपला चिकटा. तिच्यावर काळी बुरशी वाढते, पानाला ऊन मिळेनासे होते, आणि जनावर त्या कडब्याला तोंड लावीत नाही.

संख्येविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे शेतात दिसणाऱ्या माव्यात बहुधा सगळ्या माद्याच असतात. त्या नराशिवाय प्रजनन करतात, अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिढीचे गर्भ आधीच वाढू लागलेले असतात. आजीच्या पोटात लेक आणि लेकीच्या पोटात नात, असा हा प्रकार. आठवड्याभराच्या सुमारास पिल्लू स्वतः आई होते. दाटी झाली किंवा पान सुकू लागले की पंख असलेले मावे जन्मतात आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्या शेतात जातात.

पानाच्या आत सोंड काय करते, हे डोळ्यांना दिसत नसताना कळले कसे, असे आपण विचाराल. मलाही हाच प्रश्न पडला होता. कॅलिफोर्नियातील मॅक्लीन आणि किन्सी यांनी १९६४ मध्ये अशी युक्ती प्रसिद्ध केली की, माव्याच्या पाठीवर सोन्याची अतिसूक्ष्म तार चिकटवावी, दुसरी तार झाडाच्या कुंडीतील मातीत खोचावी आणि अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह सोडावा. माव्याने सोंड खुपसली की मंडल पूर्ण होते. सोंड काढली की तुटते. पुढे नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे १९७८ च्या सुमारास या तंत्रात मोठी सुधारणा झाली. कागदावर उमटणाऱ्या रेषेच्या चढउतारांवरून मावा चव घेत आहे, लाळ सोडीत आहे की रस पीत आहे, हे सांगता येऊ लागले. डॉक्टर हृदयाचा आलेख वाचतात, तसा हा माव्याच्या जेवणाचा आलेख. सोन्याच्या तारेने बांधलेला मावा ही कल्पना एखाद्या कवीला सुचती तर आपण तिला अतिशयोक्ती म्हटले असते!

या आलेखामुळे पिकाच्या प्रतिकाराकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. प्रतिकारक्षम वाणावर मावा येऊन बसतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. तो सोंडही खुपसतो. किंबहुना नेहमीपेक्षा अधिक वेळा खुपसतो. परंतु वारंवार काढून घेतो, पुन्हा दुसरीकडे खुपसतो. चाळणी-नलिकेपर्यंत पोचण्यास त्याला विलंब लागतो, आणि पोचलाच तरी पिण्याचा वेळ थोडा राहतो. अमेरिकेत ज्वारीवरील 'ग्रीनबग' या हिरव्या माव्याचे असे आलेख १९८० च्या दशकारंभी घेतले गेले. त्याच काळातील संशोधनात एक कारण असे पुढे आले की, पेशींना एकमेकींशी जोडणारा जो पेक्टिनचा लेप असतो, तो लाळेने किती लवकर विरघळतो यावर सोंडेची वाट अवलंबून असते. भिंतींमधला गिलावा चिवट असेल तर चोराला वेळ लागणारच.

प्रत्येक पिकाची तऱ्हा वेगळी. गहू, मका व राय यांच्या कोवळ्या पानांत एक कडू रासायनिक द्रव्य असते; सोंड पेशींची चव घेत पुढे जाते तेव्हा ते लागते आणि माव्याचे मन उडते. ज्वारीच्या कोवळ्या रोपात विष असते हे आपणास सांगावयास नको. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावल्याचे प्रत्येक गावाने पाहिले आहे. त्याच द्रव्याशी निगडित रसायने ग्रीनबगलाही नकोशी वाटतात, असे आढळले आहे. ज्वारीच्या ताटावर बोट फिरविले तर मेणासारखी पांढरी भुकटी बोटाला लागते. ही भुकटी नसलेल्या ज्वारीवर ग्रीनबगला बसावेसे वाटत नाही, असेही १९८० च्या दशकातील प्रयोगांत दिसून आले. गंमत अशी की, ही भुकटी पिकाला कोरड्या हवेत ओलावा राखण्यास मदत करते. माव्यासाठी ती काढून टाकावी तर जिरायती जमिनीत पीक तहानेने सुकावयाचे. पैदासकारापुढे अशा अडचणी पदोपदी येतात, आणि एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाऊ नये याची काळजी त्याला वाहावी लागते.

कॅन्ससचे प्राध्यापक रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ मध्ये पिकांच्या कीडप्रतिकारावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी प्रतिकाराचे तीन मार्ग सांगितले, आणि माझी चूक नेमकी कोठे झाली ते मला त्या विवेचनावरून उमगले. पहिला मार्ग नापसंतीचा. पाहुणा दारात येतो, घर आवडत नाही म्हणून परत जातो. दुसरा प्रतिजैविकतेचा. पाहुणा राहतो, जेवायला बसतो, पण जेवण मानवत नाही. त्याची वाढ खुंटते, पिल्ले कमी होतात, तो लवकर मरतो. तिसरा मार्ग सहनशीलतेचा. पाहुणा राहतो, पोटभर जेवतो, त्याचे कुटुंब वाढते. आणि तरीही यजमानाचे घर चालू राहते, दाणा भरतो. या तिसऱ्या प्रकारात मावा कमी होत नाही, चिकटाही कमी होत नाही. दाण्यासाठी पेरणाऱ्याला तो वाण उपकारक. दाणा आणि कडबा या दोहोंवर ज्याचा संसार उभा आहे त्याला अर्धाच उपकारक. आमच्या सोलापूर-मंगळवेढ्याकडे कडब्याला दाण्याइतकाच मान आहे, कधी कधी अधिकच. तेव्हा 'सहनशील' हा शब्द जड वाटला तरी तो जसाच्या तसा ठेवून त्याचा अर्थ दोन ओळींत सांगावयास हवा होता. मी ओळी वाचविल्या.

बरे, पहिल्या दोन प्रकारचा प्रतिकार एकदा वाणात आणला की काम संपले, असेही नाही. ग्रीनबगचाच इतिहास पाहा. अमेरिकेत 'डीएस २८ ए' या गव्हात त्याचा प्रतिकार सापडला होता; १९६१ मध्ये त्या गव्हालाही न जुमानणारा जीवप्ररूप आढळला. १९६८ मध्ये हा गव्हाचा मावा ज्वारीवर मोठ्या प्रमाणात उतरला. त्यानंतर राय या धान्यातून गव्हात प्रतिकारक जनुक आणून 'अमिगो' नावाचा गहू तयार करण्यात आला. १९८० मध्ये टेक्सासमध्ये त्यालाही पचविणारा जीवप्ररूप सापडला. 'रशियन गहू मावा' या नावाने ओळखला जाणारा दुसरा मावा १९७८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि १९८६ मध्ये अमेरिकेत पोचला. हा मावा गव्हाच्या पानाची सुरळी करतो आणि तिच्या आत बसतो. फवारा त्याच्यापर्यंत पोचत नाही, मित्रकीटकही नाहीत. त्याला तोंड देणारा 'हॉल्ट' हा गहू कोलोरॅडोत १९९४ मध्ये प्रसारित झाला, आणि २००३ मध्ये त्याच राज्यात त्या गव्हावरही वाढणारा जीवप्ररूप आढळला.

यावरून 'नवा वाण पेरला म्हणून नवा मावा तयार झाला' असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. मीही एका लेखात ते मांडणार होतो. परंतु ग्रीनबगच्या अभ्यासकांनी १९९७ मध्ये सगळा इतिहास पुन्हा तपासला, तेव्हा असे दिसले की, काही प्रतिकारक वाण शेतात फारसे पेरलेच गेले नव्हते, तरीही त्यांच्यावर मात करणारे जीवप्ररूप अस्तित्वात होते. रानगवतांवर माव्याच्या नाना जाती-उपजाती पूर्वीपासून नांदत असतात. त्यांतील एखादीला आपले पीक आयतेच मानवते. तेव्हा दोष दर वेळी वाणाचा किंवा पेरणाऱ्याचा नसतो.

आता ज्वारीची एक अलीकडील हकीकत सांगतो. आपल्याकडे ऊस मावा म्हणून ओळखला जाणारा पानाखालचा मावा उत्तर अमेरिकेतील ज्वारीवर २०१३ मध्ये अकस्मात प्रबळ झाला. २०१५ अखेर तो १७ राज्यांत पसरला. चिकटा इतका की, कापणीची यंत्रे तुंबू लागली. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, ज्वारीवर थैमान घालणारा हा मावा उसावरील माव्याहून वेगळी जात मानावयास हवा. शोधाशोध सुरू झाली तेव्हा 'टीएक्स २७८३' ही ज्वारी त्याला चांगले तोंड देताना आढळली. ही ज्वारी १९८४ मध्ये प्रसारित झाली होती, आणि तीही ग्रीनबगसाठी! ज्या शत्रूची वार्ताही नव्हती त्याच्यासाठीची ढाल तीस वर्षे कपाटात पडून होती.

कॅरिबियन समुद्रातील हैती या गरीब देशात तर ज्वारी हे गोरगरिबांचे अन्न. तेथे हा मावा २०१५ च्या सुमारास आला आणि पीक बुडाले. तेथील पैदासकारांच्या शेतातील बहुतेक ताटे वाळली, काही उभी राहिली. उभ्या राहिलेल्यांचे बी धरून त्यांनी काम पुढे चालविले. या ताटांत असे काय होते, याचा शोध पुढे घेण्यात आला. हैतीतील २९६ आणि जगभरातील ७६७ ज्वारींच्या जनुकांची तुलना करून २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. 'आरएमईएस-१' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकस्थानाचे एक दुर्मिळ रूप या ताटांत होते, आणि त्याचा उगम पूर्व आफ्रिकेतील ज्वारीत होता. निरनिराळ्या देशांच्या संशोधन केंद्रांनी पन्नासांहून अधिक वर्षे एकमेकांना बियाणे दिले-घेतले, त्या ओघात ते कोठून कोठे फिरत हैतीला येऊन पोचले होते. हैतीसाठी म्हणून ते कोणीही पाठविले नव्हते.

ही हकीकत मी येथे मुद्दाम सांगितली. हैदराबादजवळ पटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेत ज्वारीचे चाळीस हजारांच्या आसपास नमुने जतन केलेले आहेत. आपल्या मोहोळ येथे मालदांडीतून निवड करून 'एम ३५-१' हा वाण तयार झाला, तोही शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखलेल्या बियाण्यातूनच. तुमच्या आजीने हुरड्यासाठी वेगळी, भाकरीसाठी वेगळी, लाह्यांसाठी वेगळी अशी ज्वारी उतरंडीत राखली असेल. ती आता कोणी पेरीत नसेल. उत्पन्न कमी म्हणून टाकून दिली असेल. त्या मूठभर दाण्यांत काय आहे, हे ते पेरून, त्यावर मावा सोडून पाहिल्यावाचून कोणासही सांगता येणार नाही. अशी ज्वारी कोणाच्या घरी उरलेली असेल तर ती मोडू नये. कृषी विद्यापीठाच्या माणसांना दाखवावी.

शेतात करावयाच्या कामांविषयी माझ्यानंतर तज्ज्ञ बोलणार आहेतच. मी दोनच गोष्टींचा उल्लेख करतो, कारण त्यांचा सोंडेशी संबंध आहे. युरियाची मात्रा वाजवीपेक्षा अधिक झाली की परिकाष्ठरसात नत्रयुक्त द्रव्ये वाढतात. म्हणजे ज्या सत्त्वाची माव्याला वाण असते तेच आपण त्याला आयते वाढून देतो. दुसरी गोष्ट, मावा दिसला की लगेच पंप पाठीला लावण्याची सवय. पान उलटा आणि भिंगातून नीट पाहा. माव्यांमध्ये काही फुगलेले, तपकिरी, कोरडे दाणे दिसतील. ते मेलेले मावे होत. एका बारीक गांधीलमाशीने त्यांच्या पोटात अंडे घातलेले असते. शेजारीच ढालकिड्याची किंवा सिरफिड माशीची अळी माव्यांचा फडशा पाडीत असते. प्रतिकारक्षम वाणावर मावा सावकाश वाढतो, त्यामुळे या मित्रांना त्याला गाठण्यास सवड मिळते. अर्धा प्रतिकार आणि अर्धे मित्रकीटक मिळून जे काम होते, ते घाईच्या फवाऱ्याने पुष्कळदा बिघडते. मित्र आधी मरतात, मावा पुन्हा वाढतो. फवारणी करूच नये, असे मी म्हणत नाही. पोटरीच्या अवस्थेत मावा वरच्या पानांकडे चढू लागला, मित्रकीटक दिसत नाहीत आणि पाण्याचा ताण आहे, अशा वेळी कृषी सहायकांना विचारून, शिफारशीप्रमाणे फवारणे योग्यच.

आणखी एक बाब राहिली. ती मला बरीच उशिरा कळली. मावा काही विषाणूरोगांचाही वाहक आहे. त्यांतील काही विषाणू असे की, सोंड क्षणभर टोचली तरी झाडाला लागण होते. आता नापसंतीचा विचार करा. ज्या वाणावर मावा रुळत नाही, तेथे तो पुनःपुन्हा टोचतो आणि शेजारच्या ताटावर जातो. म्हणजे माव्याला हुसकणारा वाण प्रसंगी विषाणूच्या प्रसाराला हातभार लावू शकतो. म्हणूनच वाणाच्या माहितीत माव्याचा रकाना आणि रोगाचा रकाना वेगळा असतो. पूर्वी जागा वाचविण्यासाठी मी ते दोन्ही एकत्र करून 'रोग व किडींना बळी पडत नाही' असे लिहीत असे.

ते वयस्क शेतकरी अजून अधूनमधून येतात. पत्रकाची पुढची आवृत्ती छापावयास देण्यापूर्वी मी कच्चा मजकूर त्यांना वाचून दाखविला. 'या वाणावर मावा पडतो. दाण्याचे नुकसान इतर वाणांपेक्षा कमी होते. परंतु चिकट्यामुळे कडबा खराब होऊ शकतो, म्हणून डिसेंबरपासून दर आठवड्याला खालची पाने उलटून पाहावीत.' त्यांनी तो दोनदा वाचावयास लावला. मग म्हणाले, "आता हे वाचून बी कोन घेनार साहेब?" मी म्हटले, निदान घेणाऱ्याला काय घेतले ते कळेल. त्यावर त्यांनी 'आठवड्याला' या शब्दापुढे 'दुपारच्या आत' असे घालावयास सांगितले. दुपारनंतर ऊन तिरपे येते आणि पानाखालचे नीट दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे. शास्त्रज्ञांना विचारून मी ते घातले.

व्यासपीठाच्या डावीकडील टेबलावर चार भिंगे ठेवलेली आहेत, आणि आज सकाळीच जवळच्या शेतातून आणलेली ज्वारीची पानेही. त्यांवर जिवंत मावा आहे, मेलेला तपकिरी मावाही आहे. सभा संपल्यावर प्रत्येकाने ती पाहावीत. पाने हाताळल्यावर हात धुण्यासाठी पाण्याची बादली टेबलाखाली ठेवली आहे.